नोंद तपासावी

रुजू झाले त्याच्या पाचव्या दिवशी मला दिसलं, की आमच्या अभ्यासातल्या एकतीस बाळांनी जन्माला येण्याआधीच आईचं दूध घेतलं होतं. एका रकान्यात जन्माची वेळ, शेजारच्या रकान्यात पहिल्या स्तनपानाची वेळ, आणि तिसऱ्यात मी लिहिलेल्या सूत्राची वजाबाकी. उणे साडेपाच तास. उणे पाच तास चाळीस मिनिटं. पुन्हा उणे साडेपाच. सगळी बाळं इथिओपियाच्या केंद्रातली. सूत्र पुसून पुन्हा लिहिलं, उत्तर तेच आलं. मग मला वाटलं, फॉर्म भरणाऱ्यानं दोन रकाने उलटे भरले असतील. दोन्ही वेळांची अदलाबदल केली की सगळी उत्तरं अधिक होत होती आणि पटण्याजोगी दिसत होती. मी ती अदलाबदल करायलाच घेतली होती, तेवढ्यात मागून माझ्या वरिष्ठ मॅडमनी विचारलं, "काय करतेयस?"

"दुरुस्त करतेय."

"कुणाला विचारलंस?"

कुणाला विचारायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाले होते. वर्गात मिळणारा डेटा आधीच धुतलेला, निवडलेला असायचा, धान्य निवडून ताटात ठेवावं तसा. त्यातला प्रत्येक आकडा कुणीतरी, कुठेतरी, कुणाच्या तरी अंगणात उभं राहून लिहिलेला असतो, हा विचार मी कधी केलाच नव्हता. आमचा अभ्यास चार देशांतला: भारत, नेपाळ, इथिओपिया आणि ब्राझील. जन्मल्यापासून दोन वर्षांपर्यंत बाळांची वाढ, खाणंपिणं, आजारपणं ठरलेल्या दिवशी घरी जाऊन नोंदवायची. ते सगळं पुण्यातल्या आमच्या कार्यालयात येऊन जमा व्हायचं. माझं काम ते 'सांभाळणं'. नेमणूकपत्रातला हा शब्द मला तेव्हा फार सोपा वाटला होता.

मॅडमनी त्या दिवशी मला इथिओपियाच्या केंद्राला फोन लावून दिला. तिकडचे डेटा अधिकारी शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "जन्माची वेळ दवाखान्याच्या कागदावरून घेतलीय. दुधाची वेळ आईनं सांगितलीय. आमच्याकडे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आई दोन वाजले म्हणाली, तर तुमच्या घड्याळात सकाळचे आठ."

मी कागदावर मांडून पाहिलं. बाळ दवाखान्याच्या घड्याळात ८:१० ला जन्मलं. आईनं २:४० ला पाजलं, म्हणजे आपल्या घड्याळात ८:४०. अर्ध्या तासात. ज्या बाळांच्या वेळा मी उलट्यापालट्या करणार होते, त्यांना आईचं दूध पहिल्या तासातच मिळालं होतं, आणि माझ्या दुरुस्तीनंतर ते साडेपाच तासांनी मिळालं असं कायमचं लिहिलं गेलं असतं.

मला माझी आजी आठवली. ती कधी 'आठ वाजले' म्हणाली नाही. 'कासराभर दिवस वर आला' म्हणायची. पंचांगातल्या घटकाही सूर्योदयापासूनच मोजतात. आपल्याच घरात जी रीत होती ती मला चूक वाटली, याचं फार वाईट वाटलं.

पण खरी धास्ती त्यानंतर बसली. मॅडमनी विचारलं, "रात्री जन्मलेल्या बाळांचं काय?" रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी जन्मलेल्या बाळाला आईनं 'रात्री दोन-चाळीसला' पाजलं असेल, तर तेही आपल्या घड्याळात ८:४०. पण फॉर्म भरणाऱ्यानं ती पहाटेची २:४० धरली, तर उत्तर येतं साडेसहा तास. अधिक. सरळ. कुठलीही तपासणी ते अडवणार नाही. उणे आकडे तरी स्वतःहून ओरडत होते. हे मुकाट्यानं बसून राहिले असते, आणि आम्ही अहवालात लिहिलं असतं की तिथल्या आया बाळाला उशिरा पाजतात. ते फॉर्म पुन्हा काढून प्रत्येक आईला पुढच्या भेटीत विचारायला दोन महिने लागले. तेव्हापासून त्या केंद्राच्या फॉर्मवर दोन वेगळ्या चौकटी आहेत: दिवस की रात्र, आणि कुठल्या घड्याळानं.

तो फोन झाला त्याच आठवड्यात मॅडमनी मला वाचायला एक जुनं बाड दिलं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९७ ते २००३ या काळात सहा ठिकाणी केलेल्या बालवाढीच्या अभ्यासाची कागदपत्रं: ब्राझीलमधलं पेलोटास, घानातलं आक्रा, दक्षिण दिल्ली, नॉर्वेतलं ऑस्लो, ओमानमधलं मस्कत आणि अमेरिकेतलं डेव्हिस. सुमारे साडेआठ हजार मुलं. त्याआधी जगभर वापरली जाणारी लहान बाळांची वाढरेषा अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका छोट्या भागातल्या, बहुतेक बाटलीच्या दुधावर वाढलेल्या बाळांवरून काढलेली होती, आणि त्या बाळांची मापं तीन-तीन महिन्यांनी घेतलेली. आईच्या दुधावरची बाळं त्या रेषेशी जुळेनात. म्हणून नवा अभ्यास असा आखला, की ज्या बाळांच्या आया धूम्रपान करत नाहीत, अंगावर पाजतात, ज्यांच्या घरी वाढ अडेल असं काही नाही, अशी बाळं घ्यायची आणि ती कशी वाढतात ते मोजायचं. जन्मानंतर २१ घरभेटी: पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आठवड्यात, मग वर्षाचं होईपर्यंत दर महिन्याला, मग दोन महिन्यांनी.

वाचता वाचता मी थबकले. या अभ्यासातून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या रेषा म्हणजेच माझ्या आईच्या रजिस्टरातला तक्ता होता. माझी आई सातारा जिल्ह्यात अंगणवाडी सेविका. लहानपणी मी तिच्या शेजारी बसून पाहिलंय: मुलींचा तक्ता गुलाबी, मुलग्यांचा निळा, आत हिरवा, पिवळा आणि नारिंगी पट्टा. काट्याला झोळी लटकवायची, बाळ रडायचं, आई काटा स्थिर व्हायची वाट बघत थांबायची आणि मग एक ठिपका द्यायची. त्या पट्ट्यांच्या मागे मस्कतची, ऑस्लोची, दिल्लीची बाळं आहेत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्या रात्री फोन करून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "त्यांची वजनं कुणी केली? नीट केली होती ना?"

नीट केली होती. त्याचीच तर ती सगळी कागदपत्रं होती. प्रत्येक बाळाला दोघांनी स्वतंत्रपणे मोजायचं, एकमेकांचा आकडा न बघता. मग दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे. वजनात १०० ग्रॅमपेक्षा, लांबीत ७ मिलिमीटरपेक्षा, डोक्याच्या घेरात ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर दोघांनीही पुन्हा मोजायचं. प्रत्येक केंद्रानं आपला डेटा स्वतः भरायचा, पडताळायचा, आणि दर महिन्याला जिनिव्हाला पाठवायचा. तिथे आणखी कसून तपासणी व्हायची. मात्र जिनिव्हात चूक सापडली तरी जिनिव्हात ती दुरुस्त होत नसे. ती केंद्राला कळवायची, केंद्रानं मूळ फॉर्म काढून बघायचा, बदल तिथे करायचा, आणि काय बदललं, कुणी, कधी याचा माग ठेवायचा. हे वाचलं, आणि मॅडमच्या 'कुणाला विचारलंस?' मागे काय होतं ते लक्षात आलं.

लक्षात आलं खरं, पण अंगवळणी पडायला वेळ लागला.

पुढचे काही महिने मी सतत गोंधळलेली होते. नेपाळच्या तारखा विक्रम संवतात. त्यांचा वैशाख एप्रिलच्या मध्यावर सुरू होतो, सौर महिना आहे, आपल्या वैशाखाशी त्याचं नाव सोडून फारसं काही जुळत नाही. महिने २९ ते ३२ दिवसांचे, कुठल्या वर्षी कुठला महिना किती दिवसांचा याला साधं सूत्र नाही, तक्ताच लागतो. इथिओपियाचं वर्ष तेरा महिन्यांचं. तीस-तीस दिवसांचे बारा महिने, आणि शेवटी पाच किंवा सहा दिवसांचा 'पागुमे'. महिन्याच्या रकान्यात एक ते बारा एवढीच मर्यादा मी घातली होती. त्यामुळे पागुमेत जन्मलेल्या एका मुलीला माझी यंत्रणा 'अशक्य तारीख' म्हणून परत पाठवत राहिली. तीन वेळा. तिसऱ्या वेळी तिकडून उत्तर आलं: "ही मुलगी खरंच जन्मली आहे." त्यात राग नव्हता. पण मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलं.

ब्राझीलमध्ये दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात. ३,४ किलो म्हणजे साडेतीनला शंभर ग्रॅम कमी. आपल्याकडच्या संगणकात ती फाइल उघडली की कुठे ३ आणि ४ वेगळ्या रकान्यांत जाऊन पडतात, कुठे चौतीस किलोचं बाळ तयार होतं. एका केंद्रातल्या कुणीतरी मॅकवरच्या जुन्या एक्सेल फाइलमधून तारखा आणल्या आणि सगळ्या बाळांचे वाढदिवस चार वर्षं आणि एक दिवसानं सरकले. तिथे दिवस मोजायची सुरुवात १९०४ पासून होती, इकडे १९०० पासून. माप घेता आलं नाही तर ९९९ लिहायचं असा एका केंद्राचा संकेत, दुसऱ्याचा उणे नऊ. ते तसेच सरासरीत मिसळले तर काय होतं ते सांगायला नको.

यातल्या कुठल्याच गोष्टीत कुणी निष्काळजी नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या गावच्या रीतीनं अगदी बरोबर लिहीत होता.

चूक झाली ती माझ्याकडून, तिसऱ्या महिन्यात. बावीस आणि चोवीस महिन्यांच्या भेटींची लांबी तुलना करताना मला एकोणीस मुलं 'आखडलेली' सापडली. अर्धा सेंटिमीटर, पाऊण सेंटिमीटर कमी. मूल आखडत नाही, एवढं तर निश्चित. महिनाअखेरची फाइल त्याच संध्याकाळी द्यायची होती. मी विचारलं नाही. एकोणीस आकडे काढून टाकले, जागा रिकाम्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी मॅडमनी बदलांची नोंदवही उघडली. आमच्या यंत्रणेत प्रत्येक बदल आपोआप नोंदला जातो, जुना आकडाही राहतो. एकोणीस ओळींपुढे माझं नाव होतं.

"ही मुलं चोवीस महिन्यांना कशी मोजली?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. दोन वर्षांपर्यंत बाळाला आडवं निजवून लांबी मोजतात, दोन वर्षांनंतर उभं करून उंची. तेच मूल उभं केलं की थोडं कमी भरतं. त्या सहा देशांच्या अभ्यासात १८ ते ३० महिन्यांच्या मुलांची दोन्ही मापं घेऊन हा फरक काढलेला आहे: सरासरी ०.७ सेंटिमीटर. मी वाचलेल्याच बाडात ते होतं. मी पुसलेल्या एकोणीस मापांत चूक एकही नव्हती. मोजणाऱ्या बाईंनी वाकून, गुडघे दाबून, रडणाऱ्या मुलाला समजावत घेतलेली एकोणीस खरी मापं मी कार्यालयात बसून नाहीशी केली होती.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी मला ते आकडे एकेक करून परत भरायला लावले, आणि प्रत्येकापुढे कारण लिहायला लावलं. एकोणीस वेळा मी लिहिलं: 'डेटा कार्यालयातली चूक. मूळ माप योग्य.'

त्यानंतर मी विचारायला शिकले. जरा जास्तच, असंही कुणी म्हणेल. आमच्या भाषेत याला क्वेरी म्हणतात: आयडी क्रमांक, भेट, रकाना, काय खटकलं, आणि केंद्रानं काय करायचं. मी शेवटी लिहायची, 'चूक दुरुस्त करावी.' हे तीन शब्द मला तेव्हा निरुपद्रवी वाटत.

डिसेंबरात आपल्याकडच्याच, महाराष्ट्रातल्या केंद्रातली एक मुलगी यादीत आली. नवव्या महिन्याला वजन ७.२ किलो. दहाव्या, अकराव्या महिन्याची भेट नाही. बाराव्या महिन्याला ५.९. मला ते ६.९ असावं असं वाटलं. घाईत सहाचा पाच होऊ शकतो. वर्षाच्या मुलीसाठी ५.९ म्हणजे वाढरेषेवर उणे तीन प्रमाण विचलनांच्याही खाली, नारिंगी पट्ट्यात. पण संगणकाची 'अशक्य' म्हणायची मर्यादा उणे सहा आहे, त्यामुळे तिथे काही अडलं नाही. दोन भेटींतल्या फरकामुळे ती यादीत आली होती. मी नेहमीप्रमाणे लिहिलं, 'बहुधा ६.९. चूक दुरुस्त करावी.' त्या आठवड्याच्या बेचाळीस क्वेऱ्यांमध्ये ती सव्विसावी होती. उत्तर अकरा दिवसांनी आलं.

"चूक नाही. दोघींनी मोजलं. ५.९ आणि ५.९. फॉर्मच्या समासात लिहिलं आहे."

समास आम्हाला दिसत नाही. आमच्याकडे फक्त रकाने येतात. मॅडमनी मला दुसऱ्याच दिवशी केंद्रावर पाठवलं.

तिथल्या घरभेटी करणाऱ्या ताईंनी कपाटातून फॉर्म काढला. दोन ठिकाणी चुकलेलं होतं. त्यावर एकच रेघ, वर नवा आकडा, शेजारी सही आणि तारीख. खाडाखोड नाही, पांढरी शाई नाही. आणि उजव्या समासात बारीक अक्षरात: 'आईवडील ऊसतोडीला. बाळ बरोबर होतं. पंधरा दिवस जुलाब. आजी घेऊन परत आली. आजच पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवलं, मी सोबत गेले.'

फॉर्मवर ज्या दिवशीची तारीख होती त्याच दिवशी ताई त्या मुलीला आणि आजीला घेऊन ग्रामीण रुग्णालयातल्या त्या पुनर्वसन केंद्रात गेल्या होत्या. म्हणजे मी ५.९ कडे बघून 'बहुधा ६.९' लिहीत होते, तेव्हा मुलगी तिथल्या खाटेवर होती, आणि दर दोन तासांनी तिला थोडं थोडं दूध पाजत होते. माझ्या क्वेरीमुळे तिचं काही बिघडलं नाही. ताईंनी करायचं ते केलेलं होतं. पण मी त्या आकड्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ते मला अजून खुपतं. न पटणारा आकडा म्हणजे कुणाची तरी चूक, असं मी धरून चालले होते. उपाशी, आजारी मुलीचं वजनही न पटणारंच असतं.

मी ताईंना विचारलं, दहाव्या-अकराव्या महिन्याला 'हरवलं' असा शेरा का होता.

"हरवलं नाही हो, उसाला गेलं होतं," त्या म्हणाल्या. "फॉर्मवर तेवढीच चौकट आहे, भेट झाली की बाळ हरवलं." मग त्यांनी मला त्यांची स्वतःची वही दाखवली. तीत प्रत्येक न सापडलेल्या बाळापुढे कारण होतं. बाळंतपणाला माहेरी आलेली लेक सव्वा महिन्यानं सासरी गेली. मामाच्या लग्नाला गेले. वीटभट्टीवर गेले. आमच्या अहवालात ज्यांना आम्ही एका शब्दात गळालेली बाळं म्हणत होतो, ती सगळी कुठे ना कुठे होती, आणि ताईंना ठाऊक होतं कुठे. ऊसतोडीला गेलेली बाळं आणि सासरी गेलेली बाळं एकाच खात्यात टाकली, तर कुणाचं वजन का घटलं हे चार देशांचा सगळा डेटा एकत्र करूनही कधी कळणार नाही.

त्या दिवशी मी दोन घरी त्यांच्याबरोबर गेले. एकीनं बाळाचं डोकं फळ्याला टेकवून धरलं, दुसरीनं गुडघे हलकेच दाबून पाऊल सरळ केलं आणि सरकती पट्टी आणली. बाळ आकांतानं रडत होतं. आई "झालं झालं, माझ्या सोन्या" म्हणत होती. पहिलीनं आकडा लिहून कागद उलटा ठेवला. मग जागा बदलून पुन्हा सगळं, पुन्हा तेच रडणं. दोन आकड्यांत आठ मिलिमीटरचा फरक निघाला. मला वाटलं, एवढ्या रडण्यानंतर आता सोडून देतील. ताईंनी आईकडे बघितलं, बाळाला पाजायला दिलं, दहा मिनिटं ओसरीवर थांबल्या, आणि दोघींनी पुन्हा मोजलं.

परत आल्यावर मी मॅडमना दोन गोष्टी मागितल्या आणि त्यांनी दोन्ही दिल्या. फॉर्मचा समास आता रकाना म्हणून येतो. 'बाळ कुठे आहे' यालाही पर्याय आहेत. आणि वजन इतकं घटलेलं दिसलं तर ते क्वेरीच्या रांगेत जात नाही. त्याच दिवशी मी फोन करते. क्वेरीच्या शेवटीही मी आता 'चूक दुरुस्त करावी' लिहीत नाही. 'नोंद तपासावी' लिहिते.

फेब्रुवारीत ती मुलगी पुन्हा यादीत आली. बाराव्या महिन्याला ५.९, चौदाव्याला ७.४. दोन महिन्यांत दीड किलो. यंत्रणेला हेही न पटणारं. हा आकडा खरा असावा असं मला इतकं मनापासून वाटत होतं, की तसाच सोडून द्यावा असं क्षणभर वाटलं. पण घटलेल्या वजनाला विचारायचं आणि वाढलेल्याला नाही, असं करता येत नाही. मी लिहिलं: 'दोन भेटींत मोठा फरक. नोंद तपासावी.'

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंचं उत्तर आलेलं होतं. "तपासलं. दोघींचंही ७.४. काटाही तपासला. धरून उभी राहते आता."